कठडा कोणी बांधावा?
(गृहनिर्माण संस्था, बिल्डर आणि कायद्याची शंभर वर्षे)

जुन्या करारातील अनुवाद ग्रंथात घरबांधणीविषयी एक लहानशी आज्ञा आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, म्हणजे वरून कोणी पडल्यास त्या रक्तपाताचा दोष घरावर येणार नाही, असा तिचा आशय आहे. युद्धे, यज्ञ आणि वारसाहक्क यांच्या नियमांत ही आज्ञा सहज दृष्टीआड होते. तथापि बांधकामाच्या कायद्याचे सारे मर्म तीत सामावलेले आहे. जो बांधतो त्याची जबाबदारी भिंत उभी करून संपत नाही. त्या घरात पुढे जो वावरणार आहे, त्याच्या जिवाशी ती बांधलेली असते.

मुंबई आणि तिच्या उपनगरांत, ठाण्यात आणि आमच्या वसईत आज लक्षावधी माणसे सदनिकांत राहतात. त्यांच्या गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभांतून तेच तेच प्रश्न निघतात. गळती होते, बिल्डर दाद देत नाही. जमीन अजून संस्थेच्या नावावर नाही. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले नाही. रंगकामाचा कंत्राटदार आगाऊ रक्कम घेऊन निघून गेला. हे प्रश्न कालपरवाचे नाहीत. त्यांना शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो जाणल्यावाचून आजच्या कायद्याचा अर्थ नीट उलगडत नाही, अशी आमची धारणा आहे.

आधी संस्था, मग इमारत

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाट वस्त्यांतील अंधाऱ्या खोल्या हे रोगाचे माहेरघर ठरले आणि १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी 'सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. जुन्या चाळी पडल्या, नवे रस्ते निघाले. परंतु पांढरपेशा मध्यमवर्गाने राहायचे कोठे, हा प्रश्न उरलाच. त्याला उत्तर मिळाले ते सहकारातून. १९१२ च्या सहकारी संस्था कायद्याने पतपेढ्यांखेरीज इतर प्रकारच्या संस्थांनाही नोंदणी खुली केली. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. मुंबईतील या चळवळीची ती पहिली पायरी. तेथे जमीन आणि इमारत दोन्ही संस्थेच्या मालकीची, आणि सभासद हा भागधारकही व भाडेकरूही, अशी रचना होती.

आपल्या समाजानेही फार काळ वाट पाहिली नाही. १९१८ मध्ये वांद्रे येथे 'सालसेट कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी' स्थापन झाली. येथील पद्धत थोडी निराळी होती. जमीन संस्थेने मिळवायची, तिचे भूखंड पाडायचे आणि त्यांवर सभासदाने आपले घर बांधायचे. वांद्र्याच्या रस्त्यांवर आजही तग धरून असलेले काही टुमदार बंगले त्या काळाची साक्ष देतात. १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात पोप तेरावे लिओ यांनी श्रमिकाला स्वतःची मालमत्ता असावी आणि समान गरजेच्या माणसांनी संघटित व्हावे, असा दुहेरी आग्रह धरला होता. वांद्र्याच्या त्या गृहस्थांनी ते परिपत्रक वाचले होते की नाही, हे महत्त्वाचे नाही. त्यांच्या कृतीत त्याचे प्रतिबिंब दिसते.

या आरंभीच्या संस्थांची एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यांत आधी संस्था जन्मली आणि मग इमारत. माणसे एकत्र आली, त्यांनी भाग घेतले, जमीन मिळवली, वास्तुविशारद नेमला आणि शेवटी कंत्राटदाराला काम दिले. कंत्राटदार हा संस्थेने नेमलेला माणूस होता. त्याचे देयक संस्था चुकती करी, त्याच्या कामावर संस्थेची देखरेख असे, आणि चुकले तर जाब विचारण्याचा हक्कही तिचाच. मालक कोण आणि काम करणारा कोण, याविषयी संशयाला जागाच नव्हती.

क्रम उलटला तो असा

दुसऱ्या महायुद्धानंतर आणि फाळणीनंतर मुंबईत माणसांचा लोंढा आला. भाडेकरूंच्या संरक्षणासाठी १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा झाला आणि प्रमाणभाड्याचा काटा सप्टेंबर १९४० च्या भाड्यावर स्थिर झाला. भाडेकरूला आसरा मिळाला, पण भाड्याने देण्यासाठी इमारत बांधणे हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरला. भांडवलाने दुसरी वाट शोधली. खोल्या भाड्याने देण्याऐवजी त्या एकेक करून विकाव्यात, ही कल्पना पुढे आली आणि 'ओनरशिप फ्लॅट' हा शब्द मुंबईच्या मराठीत रुळला.

येथे तो जुना क्रम उलटला. आता आधी बिल्डर आला. त्याने जमीन घेतली, किंवा जमीनमालकाशी करार करून कुलमुखत्यारपत्र मिळवले. मग नकाशा, मग जाहिरात, मग गिऱ्हाईक, मग इमारत. आणि सर्वांत शेवटी, जमलेच तर, संस्था. कंत्राटदाराशी करार बिल्डरचा. घर घेणाऱ्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. सिमेंटात वाळू किती मिसळली, हे ज्याला पुढे भोगायचे त्याला विचारण्याचा हक्क नव्हता. सभासदाचा ग्राहक झाला, आणि ग्राहकही असा की पैसे आधी मोजायचे व वस्तू मागाहून पाहायची.

गैरप्रकार वाढले. एकच सदनिका दोघांना विकणे, घेतलेले पैसे दुसऱ्या कामावर लावणे, मंजूर नकाशा बाजूला ठेवून मजले चढवणे, जमिनीच्या मालकीची कागदपत्रे न दाखवणे, हे सर्व सर्रास होऊ लागले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि अवघ्या तीन आठवड्यांच्या आत, २० मे १९६० रोजी, शासनाने या गैरप्रकारांचा विचार करण्यासाठी समिती नेमली. नव्या राज्याने इतक्या तातडीने हाती घ्यावा, एवढा हा प्रश्न पेटला होता. त्या समितीच्या अहवालातून १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा जन्मास आला. वकिलांच्या बोलीत तो 'मोफा' म्हणून ओळखला जातो.

कायद्याने काय दिले, काय राहून गेले

हा कायदा आजही वाचावा असा आहे. जमिनीवरील हक्क, तिच्यावरील बोजे आणि मंजूर नकाशे बिल्डरने उघड करावेत. किमतीच्या वीस टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यापूर्वी लेखी करार करून तो नोंदवावा. घेतलेला पैसा वेगळ्या खात्यात ठेवून ज्या कारणासाठी घेतला त्याच कारणासाठी वापरावा. घेणाऱ्यांच्या संमतीवाचून इमारतीत बदल करू नये. ताबा दिल्यापासून तीन वर्षांत दिसून आलेले दोष स्वखर्चाने दूर करावेत. आवश्यक तेवढ्या सदनिका विकल्या गेल्या की चार महिन्यांत संस्थेच्या नोंदणीसाठी अर्ज करावा, आणि करारात दुसरी मुदत ठरली नसेल तर संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत जमीन व इमारत तिच्या नावे करून द्यावी. कर्तव्य चुकविणाऱ्यास तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

या सर्वांत कळीचे कलम शेवटचे. त्याला कायद्याच्या भाषेत अभिहस्तांतरण म्हणतात. लोकांच्या तोंडी 'कन्व्हेयन्स' हाच शब्द आहे. सदनिकेच्या कराराने आपल्याला चार भिंतींचा हक्क मिळतो. पायाखालची जमीन मात्र अभिहस्तांतरण होईपर्यंत मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावे राहते. मालमत्ता पत्रकावर किंवा सातबाऱ्यावर संस्थेचे नावच नसते. चटईक्षेत्र वाढले तर लाभ दुसऱ्याचा. पुनर्विकासाची वेळ आली तर जमीनमालक दारात उभा.

मग चार महिन्यांचे हे काम चाळीस चाळीस वर्षे का रेंगाळले? कारण उघड आहे. सगळ्या सदनिका विकून झाल्यावर बिल्डरला संस्थेकडून मिळण्यासारखे काही उरत नाही. पण जमीन नावावर ठेवली तर पुढे मिळण्यासारखे पुष्कळ असते. कायद्यात शिक्षा होती, परंतु फौजदारी खटला चालवून जमीन मिळत नाही, आणि दिवाणी दावा लढवण्याएवढे आयुष्य व पैसा सामान्य संस्थेपाशी नसतो. अखेर २००८ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन 'मानीव अभिहस्तांतरण' आले. बिल्डर किंवा जमीनमालक सही करीत नसेल तर संस्थेने सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हा उपनिबंधकाकडे, अर्ज करावा. त्याने दोन्ही पक्षांस ऐकून प्रमाणपत्र द्यावे आणि त्या आधारे दस्त एकतर्फी नोंदला जावा. पंचेचाळीस वर्षांनी का होईना, सहीची किल्ली एकाच माणसाच्या खिशात राहिली नाही.

न्यायालयांच्या दारी

दरम्यान अनेक संस्था न्यायालयाची पायरी चढल्या आणि त्यांच्या चिकाटीचा लाभ इतरांना झाला. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आल्यावर घरबांधणी ही 'सेवा' आहे की नाही, असा वाद निघाला. लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सेवाच होय, असा निर्वाळा दिला आणि ग्राहक मंचाचे दार घर घेणाऱ्यांना उघडले. आज त्या कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली असली तरी ते दार उघडेच आहे.

मधुविहार संस्थेच्या खटल्यात २००७ मध्ये न्यायालयाने सांगितले की, त्या भूखंडावर एकूण किती बांधकाम करावयाचे आहे याचे पूर्ण चित्र बिल्डरने आरंभीच उघड केले पाहिजे. मोघम संमती आधीच लिहून घेऊन पुढे हवे तसे मजले वा इमारती वाढवता येणार नाहीत. २०१० मध्ये दहिसरच्या पांचाली संस्थेने आणखी एक लढा जिंकला. इमारतीच्या खांबांमधील मोकळ्या तळजागेत गाड्या उभ्या करण्याच्या जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येणार नाहीत, त्या सर्व सभासदांच्या सामाईक आहेत, असा तो निर्णय होता. मुंबईच्या समृद्धी संस्थेची कथा तर प्रत्येक सभासदाने वाचावी. भोगवटा प्रमाणपत्र नसल्यामुळे तिला पंचवीस टक्के अधिक मालमत्ता कर आणि पन्नास टक्के अधिक पाणीपट्टी भरावी लागत होती. तक्रारीची मुदत टळली, असा बचाव पुढे आला. परंतु प्रमाणपत्र न देणे ही रोज नव्याने घडणारी चूक आहे, तिला मुदतीचा बांध लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये ठरवले.

तथापि न्यायालय प्रत्येक वेळी घर घेणाऱ्याचे अश्रू पुसू शकत नाही, हेही सांगितले पाहिजे. वरळीच्या कॅम्पा कोला आवारात १९८१ ते १९८९ या काळात मंजुरीपेक्षा कितीतरी अधिक मजले चढले. तेथे सत्रा आणि वीस मजल्यांपर्यंत संसार थाटले गेले. फेब्रुवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मजले बेकायदा ठरवले. रहिवाशांनी बिल्डरविरुद्ध दाद मागावी, एवढी वाट मोकळी ठेवली. जून २०१४ मध्ये त्या मजल्यांचे वीज, पाणी आणि गॅस तोडण्यात आले. पंचवीस वर्षे कर भरले, हप्ते फेडले, मुले तेथे वाढली. पण बेकायदा वीट काळाने कायदेशीर होत नाही. त्याच २०१३ च्या एप्रिलमध्ये मुंब्र्याजवळ शिळफाटा येथे बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ माणसे मृत्यू पावली. त्यांत लहान मुले होती, मजूर होते. अनुवादातील कठड्याची आज्ञा अशा वेळी आठवते.

२०१६ मध्ये संसदेने स्थावर संपदा कायदा, म्हणजे 'रेरा', केला आणि मे २०१७ पासून महाराष्ट्रात त्याचे प्राधिकरण काम पाहू लागले. प्रकल्पाची नोंदणी केल्यावाचून जाहिरात नाही. करारापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम नाही. मिळालेल्या पैशांपैकी सत्तर टक्के त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात. नकाशात मोठा बदल करायचा तर दोन तृतीयांश घर घेणाऱ्यांची लेखी संमती. आणि बांधकामातील दोषांची जबाबदारी पाच वर्षे. बारकाईने पाहिले तर यातील बहुतेक तत्त्वे १९६३ च्या कायद्यातीलच आहेत. नवे आहे ते त्यांची अंमलबजावणी करणारे यंत्र. जुन्या, पूर्ण झालेल्या इमारतींना मात्र त्या जुन्याच कायद्याचा आधार आहे. तो रद्द झालेला नाही.

संस्था स्वतः मालक होते तेव्हा

आतापर्यंत आम्ही बिल्डरच्या दोषांविषयी लिहिले. आता थोडे स्वतःकडे वळू. इमारत जुनी झाली, दुरुस्ती निघाली, की संस्था पुन्हा १९१५ च्या जागी येते. कंत्राटदाराला ती स्वतः नेमते. त्या वेळी आपण कसे वागतो?

पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करावी, असे आदर्श उपविधी सांगतात. किती संस्था ती करतात? तपासणीचा खर्च वाचवून खांबांना वरून गिलावा करणाऱ्या समित्या आम्ही पाहिल्या आहेत. निविदा मागवायच्या त्या ओळखीच्या तिघांकडून. करार करायचा तो एका पानाचा. कामाचे मोजमाप, टप्प्याटप्प्याने देयके, दोष दुरुस्तीची मुदत आणि तोपर्यंत राखून ठेवायची रक्कम यांचा त्यात पत्ता नसतो. मग गळती परतली की आपण कंत्राटदाराला लुच्चा म्हणतो. करारात न लिहिलेले न्यायालयात सिद्ध करणे अतिशय कठीण, हे तेव्हा उमगते.

उलट बाजूही आहे. काम नीट होऊनही सभासदांतील भांडणापायी कंत्राटदाराचे शेवटचे देयक वर्षानुवर्षे अडवून धरणाऱ्या संस्था आहेत. त्या देयकाच्या शेवटी पालाडावर उभ्या राहिलेल्या मजुराची मजुरी असते. सूर्य मावळण्याआधी मजुराचे वेतन चुकते करावे, असे तोच अनुवाद ग्रंथ कठड्याच्या आज्ञेनंतर दोन अध्यायांनी बजावतो. ज्या शास्त्राचा आधार घेऊन आपण बिल्डरला दोष देतो, ते शास्त्र आपल्यालाही सोडीत नाही.

पुनर्विकासात तर ही कसोटी अधिक कठोर होते. जुलै २०१९ च्या शासकीय निर्देशांनुसार एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती, सभेचे चित्रीकरण, खुल्या निविदा आणि प्रकल्पखर्चाच्या वीस टक्के रकमेची बँक हमी अपेक्षित आहे. कागदावर ही तटबंदी भक्कम आहे. पण सभेला हजरच न राहणाऱ्या सभासदाचे रक्षण कोणते निर्देश करणार?

वसईचे आम्ही

ही कहाणी मुंबईची म्हणून वसईकरांनी दूर सारावी अशी नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हिरव्या पट्ट्यावर बांधकामाचे सावट आले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईचा आवाज उठवला. तो लढा पाणी, माती आणि झाडे यांसाठी होता, तसा तो कायद्याच्या राज्यासाठीही होता. त्या इशाऱ्याचा अर्थ पुढे अधिक स्पष्ट झाला. नालासोपाऱ्यात सार्वजनिक कामांसाठी राखीव असलेल्या जागेवर उभ्या राहिलेल्या ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नोव्हेंबर २०२४ ते २०२५ च्या आरंभी या काळात पाडल्या गेल्या आणि हजारो माणसे उघड्यावर आली. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारची रमाबाई अपार्टमेंट ही इमारत मध्यरात्री कोसळली व १७ जण दगावले.

या कहाणीत आपण केवळ पीडित नाही, हे कबूल केले पाहिजे. वाडीचा तुकडा बिल्डरला देणारी कुटुंबे आपल्यातलीच आहेत. सातबाऱ्यावर आजोबांचे नाव, खाली वारसांची लांबलचक यादी, आणि जमिनीवर चार मजल्यांची इमारत. तेथील रहिवासी अभिहस्तांतरणासाठी दारी येतात तेव्हा "आम्ही का सही करायची? आम्हांला काय मिळणार?" असे उत्तर आपल्याच माणसांच्या तोंडून आम्ही ऐकले आहे. मोबदला कधीच मिळालेला असतो. उरलेली असते ती फक्त सही. दुसरीकडे आपलीच लेक लग्न होऊन नायगावला किंवा मिरा रोडला सदनिकेत राहते, आणि तिच्या संस्थेला कोणा दुसऱ्याच्या वारसांनी याच शब्दांत परत पाठवलेले असते. लेकीसाठी जो न्याय मागायचा, तो आपल्या अंगणात नाकारायचा, हे कोणत्या न्यायात बसते?

म्हणून आमची विनंती साधी आहे. ज्यांच्या पूर्वजांनी जमीन दिली आहे त्यांनी संस्थेच्या कागदावर सही करावी. तो उपकार नाही, फेडायचे राहिलेले देणे आहे. ज्यांच्या संस्थेचे अभिहस्तांतरण झालेले नाही त्यांनी येत्या सर्वसाधारण सभेत तो विषय घ्यावा, करारनामे, मंजूर नकाशा आणि मालमत्तेचे उतारे गोळा करावेत व उपनिबंधकांकडे अर्ज करावा. धर्मग्रामांतून विवाहपूर्व मार्गदर्शनाचे वर्ग चालतात. घर घेण्यापूर्वी कोणते कागद पाहावेत, हे सांगणारा एखादा तास त्यांत का असू नये? आपल्यातील वकील आणि अभियंते एवढी सेवा आनंदाने देतील.

गावदेवी आणि वांद्रे येथील त्या पहिल्या माणसांकडे आजच्यासारखे कायदे नव्हते. त्यांच्याकडे होता तो एकमेकांवरचा विश्वास आणि हिशेबाची वही. शंभर वर्षांत कायदे वाढत गेले. त्या विश्वासाची जागा भरून काढण्याचा प्रत्येक कायद्याने आपापल्या परीने यत्न केला. परंतु सभासद पुन्हा सभासद झाल्यावाचून, म्हणजे सभेला गेल्यावाचून, हिशेब विचारल्यावाचून आणि शेजाऱ्याच्या छताची काळजी वाहिल्यावाचून, त्यांतील एकही कायदा पुरा पडणार नाही. कठडा बांधण्याची आज्ञा घर बांधणाऱ्याला आहे हे खरे. पण तो बांधला आहे की नाही, हे गच्चीवर जाऊन पाहण्याचे काम घरात राहणाऱ्यांचे आहे.